आवड सुटली नाही, बदलली



'रोल-प्लेइंग गेम ही पोरवयाची हौस, संसार लागला की ती सुटते,' असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. 2011 मध्ये 'स्कायरिम' हा असा गेम आला तेव्हा मी कॉलेजात होतो. मुख्य कथा महिनोन्महिने बाजूला टाकून गुहा धुंडाळत, तलवारी जमवत हिंडायचो. तेव्हा जग जेवढे मोठे, तेवढा गेम चांगला वाटे. आता पस्तिशीत रात्रीचा जेमतेम तास मिळतो. त्या तासात 2019 चा 'डिस्को एलिझियम' मी पुरवून पुरवून खेळलो. त्यात नेहमीची लढाई जवळपास नाहीच. दारूपायी स्मृती गमावलेला एक पोलीस तपासनीस, आणि त्याच्या डोक्यात एकमेकांशी हुज्जत घालणारी 24 कौशल्ये! विशीत मी तो अर्ध्या तासात बंद केला असता. आज त्या माणसाची हार मला कळते.

'आता सर्वांना वेगवान मारामारीच हवी,' हे त्यांचे म्हणणेही पटत नाही. आळीपाळीने, विचार करून चाल खेळायला लावणारा 'बॉल्डर्स गेट 3' 2023 च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट गेम ठरला.

– एक वाचक, सांगली