कानाची शस्त्रक्रिया आणि ड्रिलचा आवाज

वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानात हाड कुरतडणारा कोलेस्टिॲटोमा आढळला, की शस्त्रक्रियेला सहसा पर्याय उरत नाही. कानामागचे मॅस्टॉइड हाड ड्रिलने कोरून रोग काढावा लागतो. अशा वेळी ‘या आवाजाने उरलेसुरले ऐकणेही जाईल का?’ ही शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

एरवी आवाज हवेतून कानात शिरतो. येथे ड्रिल हाडालाच टेकलेले असल्याने कंपने कवटीतून थेट अंतःकर्णात पोहोचतात. तेथील पातळी १०० डेसिबलच्याही वर जाऊ शकते. कामाच्या ठिकाणी ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. भुलीमुळे आपल्याला आवाज जाणवत नाही, तरी अंतःकर्णातील नाजूक केशपेशींवरचा ताण टळत नाही. शिवाय हाडातून जाणारी कंपने दुसऱ्या, निरोगी कानालाही जवळजवळ तेवढीच पोहोचतात.

दिलाशाची गोष्ट अशी, की ड्रिल थांबून थांबून चालते. परिणाम झालाच, तर तो बहुधा उंच पट्टीच्या स्वरांपुरता असतो आणि काही दिवसांत ओसरतो. आवाजापेक्षा मोठा धोका असतो तो फिरत्या ड्रिलचा कानातील हाडकांच्या साखळीला स्पर्श होण्याचा. म्हणून शल्यचिकित्सक गरज पडल्यास ही साखळी आधी सुटी करतात आणि नाजूक जागी हिऱ्याची पूड बसवलेले, तुलनेने कमी आवाजाचे बर वापरतात.

आपण काय करावे? शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही कानांचा ऑडिओग्राम करून जपून ठेवावा. नंतरची तुलना त्यावरूनच होते. दुसऱ्या कानालाही कमी ऐकू येत असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शस्त्रक्रियेनंतर कानातील पॅकिंग व सूज यांमुळे काही आठवडे दडा बसल्यासारखे वाटते. त्याने घाबरू नये. मात्र तीव्र चक्कर, ऐकणे एकाएकी नाहीसे होणे, कानात वाढता गुंजारव किंवा चेहरा वाकडा होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. कान सावरेपर्यंत डीजे, फटाके आणि हेडफोन यांपासून दूर राहावे.

आवाजाच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळणे मात्र योग्य नव्हे. दुर्लक्षित रोग श्रवणच नव्हे, तर चेहऱ्याची नस आणि मेंदूही धोक्यात आणू शकतो.