कारखान्याच्या आराखड्यात झाडाची जागा

आपल्या औद्योगिक वसाहतींतून अलीकडे उभ्या राहिलेल्या कारखान्यांची रचना लक्षपूर्वक पाहिली, म्हणजे एक विसंगती वारंवार प्रत्ययास येते, ती ही की, हमरस्त्याच्या बाजूला असलेल्या प्रशासकीय इमारतीस काचेचे आवरण, तिच्यासमोर निगा राखलेली हिरवळ व बाहेरून आणून लावलेल्या ताडांची रांग, असा जो थाट केलेला असतो, त्याचा लवलेशही पाठीमागच्या शेडमध्ये, जेथे खरोखर माल तयार होतो व जेथे शेकडो माणसे आपल्या आयुष्याचा उमेदीचा काळ व्यतीत करतात, तेथे आढळत नाही. दुपारच्या पाळीला येणारा कामगार फाटकावर ओळखपत्र दाखवून, हजेरीच्या यंत्रापुढील रांगेत उन्हात तिष्ठून, काँक्रीटचे उघडे आवार तुडवीत शेडपाशी पोहोचतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथे डोक्यावरचा पत्रा त्याच्यापूर्वीच तापून राहिलेला असतो. आवारात झाडे नसतात असे नव्हे. ती कुंपणाच्या कडेला, मंजुरीपत्रातील अटीची पूर्तता करीत उभी असतात. माणसाच्या वाटेवर मात्र ती नसतात.

याचे कारण केवळ कंजुषी नव्हे. कारखान्याची वास्तू व तिचा परिसर यांचा विचार म्हणजे यंत्रे बसवून झाल्यानंतर शिल्लक राहिलेल्या रकमेतून करावयाचे शोभेचे काम, ही समजूत कारखानदार, अभियंते आणि मंजुरी देणारे अधिकारी या तिघांच्याही मनात घट्ट बसलेली आहे; आणि माझे म्हणणे असे आहे की, यंत्रांची मांडणी ज्या दिवशी व ज्या टेबलावर ठरते, त्याच दिवशी व त्याच टेबलावर उजेड कोठून येणार, तप्त हवा कोठून बाहेर पडणार, पावसाचे पाणी कोणत्या दिशेने वाहणार आणि कामगार कोणत्या सावलीतून चालणार, हेही ठरले पाहिजे.

ही दृष्टी आपल्याकडे परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ कारखान्यासाठी जागा घेतली, तेव्हा तो निवडुंगांनी भरलेला माळ होता. मुंबईच्या कलाशाळेत चित्रकलेचे धडे घेतलेल्या, परंतु रंगांधळेपणामुळे रंग हाती धरणे अशक्य झाल्याने यंत्ररेखनाकडे वळलेल्या या माणसाने कारखाना आणि वसाहत यांची कल्पना एकत्रच केली, आणि किर्लोस्करवाडीच्या रूपाने त्या ओसाड माळावर एक गाव वसले. पुढे १९६०च्या दशकात सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या पुण्याजवळील कारखान्याची उभारणी हाती घेतली, तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या त्या उजाड जमिनीवर वृक्षारोपण आणि जलाशय यांना त्यांनी आरंभापासूनच स्थान दिले. अवजड मोटारी बनविणाऱ्या आवारात तळे कशाला, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडणे साहजिक आहे. परंतु साधा हिशेब करून पाहावा: ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे एक हेक्टर छपरावर सत्तर लाख लिटर पाणी उतरते, आणि मोठ्या कारखान्याची छपरे एका हेक्टरात मावत नाहीत. हे पाणी गटारात सोडून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा कारखाना व्यवहारी ठरतो आणि तळे खोदणारा हौशी ठरतो, हा न्याय मला मुळीच पटत नाही.

प्रकाशाची गोष्टही अशीच आहे. करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी, उत्तरेच्या उभ्या बाजूस काच बसविलेली गिरणगावातील छपरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे ठाऊक असेल की, त्या काचेतून येणारा उजेड दिवसभर सौम्य व एकसारखा असतो आणि तुटलेला धागा शोधणाऱ्या डोळ्यांवर त्याचा ताण पडत नाही. ही रचना विलायतेतून आली खरी. परंतु मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो, म्हणून विलायतेत उघडी चालणारी काच येथे वर छज्जा मागते. हा छज्जा देणे वा न देणे, एवढ्यावर खालच्या माणसाचे दोन महिने अवलंबून असतात.

येथे आचऱ्यात १९१६ साली जन्मलेल्या वास्तुशिल्पकार अच्युत कानविंदे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. हार्वर्ड विद्यापीठात ते ज्या वॉल्टर ग्रोपिअसचे विद्यार्थी होते, त्या ग्रोपिअसने आडोल्फ मायरच्या साहाय्याने १९११ साली जर्मनीतील आल्फेल्ड येथे, पादत्राणांचे साचे बनविणाऱ्या फागुस कारखान्याच्या भिंती काचेच्या केल्या आणि कोपऱ्यातील खांबदेखील काढून टाकून कामगाराला भरपूर प्रकाश मिळवून दिला. युनेस्कोने २०११ साली त्या वास्तूचा जागतिक वारशात समावेश केला. असा गुरू लाभलेल्या कानविंद्यांवर जेव्हा मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीची वास्तू रचण्याचे काम आले, तेव्हा त्यांनी गुरूची काच उचलून गुजरातच्या उन्हात आणली नाही. दुधावरील प्रक्रियेत निर्माण होणारी उष्णता व वाफ बाहेर कशी जावी, या प्रश्नापासून त्यांनी आरंभ केला, आणि वायुवीजनाचे जे काँक्रीटचे उंच मनोरे त्यातून निष्पन्न झाले, तेच त्या वास्तूचे रूप बनले. तिच्याकडे पाहताना सौंदर्य कोठे संपले आणि उपयोग कोठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. थंड प्रदेशात प्रकाशासाठी योजलेली काच आपल्या वसाहतींत पश्चिमेच्या उन्हासमोर उभी करावयाची आणि मग वातानुकूलनाच्या विजेचे देयक भरावयाचे, हा प्रकार चालविणाऱ्यांनी मेहसाण्याची ती इमारत एकदा अवश्य पाहावी.

आता कायद्याविषयी. १९४८च्या कारखाना कायद्याने दर कामगारामागे १४.२ घनमीटर अवकाशाची तरतूद केली, वायुवीजनाची व उजेडाची सक्ती केली, २५०हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह असावे असे ठरविले. हे उपकार लहान नव्हेत. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी देताना एक तृतीयांश क्षेत्र हरितपट्ट्यासाठी राखण्याची अटही सामान्यतः घातली जात असे. परंतु टक्केवारी ही मोजणाऱ्याच्या सोयीची गोष्ट आहे. कोनोकार्पससारखी झटपट वाढणारी परदेशी झुडपे कुंपणाला दाटीने लावली की रकाना भरतो. करंज, कडुनिंब, शिरीष, अर्जुन ही आपल्या मातीतील झाडे सावली द्यावयास काही वर्षे घेतात, आणि तपासनीसाच्या भेटीपर्यंत तितका अवधी नसतो.

लहान उद्योजकाला मात्र दोष देण्यास मी धजणार नाही. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर शेड, मालमोटार वळविण्याची जागा आणि पाण्याची टाकी बसविल्यावर त्याच्यापाशी झाडासाठी जे उरते ते कुंडीपुरते. त्याच्या वाट्याची सावली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानेच रस्त्याकडेला व सामायिक जागेत निर्माण केली पाहिजे. १९६२ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने राज्याच्या कानाकोपऱ्यांत कारखानदारी नेली, हे त्याचे कार्य निःसंशय मोठे आहे. म्हणूनच भूखंड आखताना मूळचे ओढे बुजविले जाऊ नयेत, त्यांच्या दोन्ही काठांवर झाडांचा पट्टा राखून वसाहतीचे पावसाळी पाणी त्यांतूनच वाहू द्यावे, एवढी अपेक्षा त्याच्याकडून करणे गैरवाजवी होणार नाही.

खर्चाचा आक्षेप येतोच. पण शेडची दिशा कागदावर फिरविण्यास पैसा पडत नाही, छपराच्या माथ्याशी तप्त हवेला वाट ठेवण्याचा खर्च एकंदर बांधकामाच्या मानाने नगण्य असतो, आणि रोपे तर सर्वांत स्वस्त. पैसा खरोखर लागतो तो पुढे, ती रोपे जगविण्यास. आणि तेथेच आपण हात आखडता घेतो. तेव्हा महामंडळाने मंजुरीसाठी येणाऱ्या प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या नकाशावर फाटकापासून शेडपर्यंतची कामगाराची वाट व तीवरील झाडे जातीच्या नावांसह दाखविणे बंधनकारक करावे, भोगवटा दाखला देताना झाडांच्या संख्येवर समाधान न मानता तीन पावसाळ्यांनंतर पुन्हा पाहणी करावी, आणि ज्या कारखान्याच्या आस्थापनेत माळ्याचे कायम पद नाही, त्याच्या हरितपट्ट्याची नोंद दफ्तरी घेऊ नये.