पारणं नसलेला उपास

ऑटोइम्यून आजार आहाराने घालवून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही वेलनेस कोचला एक साधा प्रश्न विचारून बघा: बंद केलेले पदार्थ परत कधी सुरू करायचे? बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कीव केल्यासारखं हसू येतं. परत? परत कशाला? तुम्हाला बरं व्हायचंय ना?

माझं भांडण या हसण्याशी आहे. पदार्थ वगळून बघण्याशी नाही.

एलिमिनेशन डाएट ही मुळात निदानाची पद्धत. कॅलिफोर्नियातल्या अल्बर्ट रो या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरने ती १९२०च्या दशकात मांडली आणि तिचा सांगाडा आजही तोच आहे. ज्यांच्यावर संशय आहे ते पदार्थ काही आठवडे पूर्ण बंद. त्रास कमी झाला, तर एकेक पदार्थ परत आणायचा, दोन-तीन दिवस थांबायचं, काय होतंय ते लिहून ठेवायचं. त्रास कमी झालाच नाही, तर सगळं पूर्ववत करायचं आणि कारण दुसरीकडे शोधायचं. म्हणजे खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यात आहे. पहिला टप्पा नुसता पाटी पुसण्याचा. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते. प्रोग्रॅम क्रॅश होत असेल तर आम्हीही अर्धा कोड बंद करून बघतो, मग एकेक भाग चालू करत दोषी ओळ शोधतो. पण क्रॅश थांबला म्हणून अर्धा कोड बंद ठेवूनच ग्राहकाला पाठवला, तर अशा माणसाला आमच्याकडे कुणी 'हीलर' म्हणत नाही.

वगळण्यातून खरोखर काही हाती लागतं का? लागतं. सीलिअ‍ॅक हा ऑटोइम्यून आजारच, आणि त्यावरचा मुख्य उपचार म्हणजे गहू, बार्ली, राय ताटातून जन्मभरासाठी काढणं. हे शोधलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. पण डिकेचा १९५०चा प्रबंध उभा आहे तो आजारी मुलांचा गहू काढून, परत देऊन आणि परत काढून काय होतं, हे चिकाटीने नोंदवण्यावर. परत देऊन. हे दोन शब्द रील्समध्ये कधीच येत नाहीत.

आणि इथे 'उद्यापासून गहू बंद' या सल्ल्याचा खरा धोका दिसतो. सीलिअ‍ॅकची रक्तातली अँटिबॉडी चाचणी गहू खात असतानाच करायची असते. काही महिने गहू बंद ठेवला की अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि आजार असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे चाचणीआधी गहू सोडायला लावणारा माणूस चक्क पुरावा नष्ट करतोय.

रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं चित्र इतकं स्वच्छ नाही. नॉर्वेतला एक अभ्यास १९९१मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ५३ रुग्ण होते. त्यातल्या २७ जणांनी आधी आठवडाभराहून थोडा जास्त उपास केला, मग दर दुसऱ्या दिवशी एक नवा पदार्थ आहारात आणला. सांधे दुखले तर तो पदार्थ मागे घ्यायचा, नंतर पुन्हा करून बघायचा. वर्षभराने हा गट नेहमीचं जेवणाऱ्या गटापेक्षा बऱ्याच मोजमापांवर चांगला होता. आपण काय खातोय हे रुग्णांना अर्थातच माहीत होतं, त्यामुळे मनाच्या खेळाचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. तरी हा अभ्यास मी मुद्दाम सांगतेय, कारण 'आहाराचा काही संबंध नाही, काहीही खा' म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

आता सध्याच्या फॅशनकडे येऊ. ऑटोइम्यून प्रोटोकॉल, लाडाने एआयपी. यात काय बंद? सगळी धान्यं, सगळ्या डाळी-कडधान्यं, दूध आणि दुधाचं सगळं, अंडी, दाणे-काजू-बदाम, बिया, साखर, कॉफी. शिवाय वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची, कारण ही एकाच कुळातली. बियांमध्ये मोहरी, जिरं, धणे, मेथ्या, तीळ, खसखस सगळं आलं. म्हणजे फोडणीच बंद. हिंग म्हणाल तर बाजारातल्या डबीत बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, तोही गेला. उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीतून दाणे, बटाटा, मिरची, जिरं आणि तूप काढा. राहिलेला चिकट साबुदाणा तेवढा चालतो. हा आहार अमेरिकेत, मांस हाच ताटाचा कणा असलेल्या लोकांसाठी बेतलेला आहे. कोकणातलं मासे-नारळवालं घर कदाचित कसंबसं निभावून नेईल. पण वरण, दही आणि उसळ हेच ज्यांचं प्रोटीन, त्या शाकाहारी घरात यानंतर उरतं रताळं, दुधी आणि पालेभाजी. यावर कुणी सहा महिने काढले तर केस गळणार आणि थकवा येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मग हाच थकवा 'शरीर डिटॉक्स होतंय' म्हणून परत विकला जातो.

मोठमोठे दावे कशाच्या जोरावर? २०१७च्या अभ्यासात आतड्याच्या दाहाचे १५ रुग्ण होते. सहा आठवड्यांत ११ जणांची लक्षणं शमली, मात्र काहींची औषधंही चालूच होती. २०१९मध्ये हाशिमोटो थायरॉइडायटिस असलेल्या १६ बायकांनी दहा आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण केला. त्यात आहाराबरोबर जीवनशैलीचं मार्गदर्शनही होतं. त्यांना बरंच बरं वाटलं. पण थायरॉइडचं काम आणि अँटिबॉडी यांत म्हणावा असा फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट दोन्हींत नव्हता. रीलमध्ये येईपर्यंत याचं 'थायरॉइड रिव्हर्स झाला' होतं.

मराठीत 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं' असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, हे आपलं नशीब. बरं वाटणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. सकाळी दात घासायला ब्रश धरता येत नाही अशा बाईला बरं वाटणं म्हणजे काय ते विचारा. मला विचारलंत तरी चालेल, सव्विसाव्या वर्षापासून मला रूमॅटॉइड आहे. मात्र बरं वाटतंय म्हणून मेथोट्रेक्सेट बंद करायला सांगणारा माणूस या दोन शब्दांमधली फट वापरून धंदा करतो. ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. कॅन्सरमध्ये तीच मोठ्या डोसमध्ये देतात, एवढं गूगलवर वाचून अख्खं घर हादरतं, आणि कोच नेमका त्याच भीतीवर बोट ठेवतो. सांध्यातलं हाड एकदा झिजलं की नंतर कितीही शुद्ध खाल्लं तरी भरून येत नाही. दुखणं कमी असतानाही आत झीज चालू असू शकते.

मी स्वतः हा प्रयोग केलाय, औषधं चालू ठेवून, रुमॅटॉलॉजिस्टला सांगून. गहू, दूध, वांगं-टोमॅटो सहा आठवडे बंद. बरं वाटलं. पण त्या सहा आठवड्यांत बाहेरचं खाणं बंद होतं, झोप वेळेवर होती, आणि सुरुवात केली होती सगळ्यात वाईट आठवड्यात. हे आजार भरती-ओहोटीचे असतात, भरतीच्या टोकाला काहीही सुरू केलं तरी पुढे पाणी ओसरतंच. म्हणून दुसरा टप्पा. वांगं परत आणलं, काही नाही. टोमॅटो, काही नाही. दूध, काही नाही. गव्हाने पोट फुगलं, बोटांना काही नाही. पोट फुगण्याचंही कारण ग्लूटेनच असेल असं नाही. नॉर्वेतच २०१८च्या अभ्यासात, सीलिअ‍ॅक नसूनही गहू सोडलेल्या ५९ जणांना न सांगता कधी ग्लूटेनच्या, कधी फ्रुक्टॅनच्या, तर कधी दोन्ही नसलेल्या वड्या दिल्या, आणि सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टॅनने झाला. ते कांद्या-लसणातही असतं. आता मी दोन पोळ्या खाते आणि तिसरी भाकरी. तुमच्या वहीत वेगळं काही निघेल. निघू दे, वही त्यासाठीच असते.

हे सहा आठवडे निभावले माझ्या आईने, हेही लिहायला हवं. दोन कुकर, दोन फोडण्या, प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं वाचणं. तिला शेवटची तारीख माहीत होती म्हणून तिने ते केलं. 'आयुष्यभर' असं सांगितलेल्या घरांत काय होतं? नवऱ्याला एआयपी सांगितला तर बायको रांधते. बायकोला सांगितला तर तीच दोन्ही स्वयंपाक करते आणि शेवटी उभ्याउभ्या सगळ्यांचं उरलेलं खाते. मग पुढच्या व्हिडिओ कॉलवर तिला विचारतात, 'चीट केलंत का?' दुखणं कमी झालं की श्रेय प्रोटोकॉलचं, वाढलं की दोष तिच्या जिभेचा. या आजारांचे बहुसंख्य रुग्ण बायका आहेत. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत आपलंच काहीतरी चुकलं असेल हे त्यांना आधीच शिकवलेलं असतं, त्यामुळे हा माल फार सहज खपतो.

खपतो तो आणखी एका गोष्टीसोबत: आयजीजी फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट. लाल-पिवळा-हिरवा रंगीत रिपोर्ट, शे-दोनशे पदार्थ, हजारोंचं बिल. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या कामासाठी ही चाचणी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. या अँटिबॉडी दाखवतात ते इतकंच, की शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे. एका मैत्रिणीच्या रिपोर्टात लाल रंगात गहू, दूध आणि तूर आली होती. म्हणजे पैसे मोजून तिला तिच्याच ताटाची यादी मिळाली.

पदार्थ सोडणं आपल्याला नवीन नाही. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी सोडणारी घरं अजून आहेत. पण ती आधी कांदेनवमीला भजी आणि भरलं वांगं यथेच्छ हाणतात, आणि पुढे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं सन्मानाने घरात परत येतं. एकादशीला दुसऱ्या दिवशीचं पारणं, सोळा सोमवारांना सतरावा सोमवार. श्रद्धेवर चालणाऱ्या व्यवहारातही शेवटचा दिवस ठरलेला असतो. विज्ञानाचं नाव घेणाऱ्या आणि तिमाही हप्ते कापणाऱ्या या कार्यक्रमात तो नसतो, कारण तुमचं पारणं झालं की त्यांचा हप्ता बुडतो.

डॉक्टरांनाही यातून सुटका नाही. ओपीडीत तीन मिनिटं मिळतात, त्यात 'आहाराचं काय?' विचारलं की मान न वळवता 'सगळं खा' असं उत्तर येतं. रात्री दोन वाजता बोटं दुखत असताना ते उत्तर पुरत नाही, आणि त्या वेळी फोनमध्ये दुसरंच कुणीतरी अर्धा तास प्रेमाने बोलायला तयार असतं. बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत आहारतज्ज्ञाची खोली असते. तिथे शुगर आणि किडनीवाले पाठवले जातात, सांधेवाले नाहीत. चिठ्ठीवर 'सहा आठवडे, औषधं चालू, सीलिअ‍ॅकची चाचणी आधी, मग एकेक पदार्थ परत' एवढी एक ओळ लिहून रुग्णाला त्या खोलीत धाडायला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.