घाटात गिअर अडला तर

इलेक्ट्रॉनिक गिअर घ्यायचेच असतील तर अमरावती-अकोल्याच्या सायकलस्वारांनी बिनवायरचे घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिमानोचे वायरचे डीआयटू २००९ साली बाजारात आले, स्रॅमने बिनवायरचे ई-टॅप २०१५ साली जाहीर केले. बटण दाबले की गिअर पडतो. त्या क्षणी दोन्हींत फरक कळतही नाही. फरक कळतो तो बिघाड झाल्यावर.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचे सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले, त्या सपाट महामार्गावर एकाच गिअरवरही घर गाठता येईल. परतवाड्यापुढे तसे नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, आणि घाटात दर वळणाला गिअर हवा. स्रॅमच्या पुढच्या आणि मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) सारखीच सुटी बॅटरी असते. मागची संपली, तर पुढची काढून मागे लावायची, चेन लहान चकतीवर ठेवायची आणि चढत राहायचे. वायरच्या जातीत दोन्ही डिरेलर एकाच बॅटरीवर चालतात, आणि ती बहुधा सीटच्या दांड्यात बसवलेली असते. फ्रेमच्या आत वायर निसटली, तर कधी सीटचा दांडा उपसावा लागतो, कधी क्रँक खोलावा लागतो. घाटाखालच्या दुकानदाराकडून ही अपेक्षा धरणे त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्याकडचे ऊनही विसरू नये. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. सुटी बॅटरी काढून घरात गारव्याला ठेवता येते.

मात्र ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीला, चाळीस तासांच्या मुदतीत, रात्री एकट्याने निघणाऱ्याने बॅटरीविना चालणारे साधे तारेचे गिअरच ठेवावेत. काळ्या मातीचा चिखल तारेच्या केसिंगमध्ये शिरून गिअर जड होतो, हे खरे. पण शाळकरी पोरांच्या गिअरच्या सायकलींमुळे ती तार आता तालुक्याच्या गावीही मिळते.

महागडे गिअर विकणाऱ्यांनी अमरावतीत आणि अकोल्यात चार्ज केलेली जादा बॅटरी आणि डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर दुकानात ठेवलाच पाहिजे. ई-टॅपच्या हँडलमधला सीआर २०३२ सेल तेवढा घड्याळाच्या दुकानात मिळतो.