सिंगल यूज प्लास्टिकवर बंदी आली, मग चौकातला फ्लेक्स कसा सुटला?

यवतमाळहून धामणगावकडे निघालं की वाटेत बाभुळगाव लागतं. बेंबळा प्रकल्पामुळे अनेकांनी नाव ऐकलेलं असतं. तालुक्याचं गाव, भोवती कापूस, सोयाबीन, तूर. अशा कुठल्याही गावाच्या चौकात मान वर केली की फ्लेक्स दिसतातच. भाऊंचा वाढदिवस, दादांची निवड, दहावीचा निकाल, भावपूर्ण श्रद्धांजली. फ्लेक्स चौकात चार दिवस राहतो, त्याचा फोटो स्टेटसवर चोवीस तास. (फोटोसाठीच तो छापला होता की काय, असंही कधीकधी वाटतं.) त्यानंतर तो कुठे जातो, हे फारसं कुणी विचारत नाही.

१ जुलै २०२२ पासून देशभर सिंगल यूज प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, कानकोरणी, झेंडे, सजावटीचं थर्माकोल असं बरंच काही त्या यादीत आहे. त्याच यादीत बॅनरही आहे, पण त्यापुढे एक अट आहे: १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनर. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा पातळ.

आता चौकातला फ्लेक्स घ्या. मधे पॉलिस्टरच्या धाग्यांची जाळी आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर, अशी त्याची बांधणी. अगदी हलका फ्लेक्स म्हणजे चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम धरला, तरी त्याची जाडी पावणेदोनशे ते दोनशे मायक्रॉनच्या आसपास भरते. म्हणजे जे छापलं जातं ते जवळपास सगळं नियमाच्या बाहेर. बंदी आहे, पण ज्याच्यावर असायला हवी त्याच्यावर नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. कचराप्रश्नावर अनेक वर्षं लढणाऱ्या अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला. अल्पकाळ वापरल्या जाणाऱ्या पीव्हीसीवरील बंदीबाबत केंद्राने आणि राज्यांनी सहा महिन्यांत निर्णय घ्यावा, असं त्यात होतं. त्याच निकालात उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाईही ठरली. चार दिवसांचा फ्लेक्स अल्पकाळाचा नाही, तर मग कशाला म्हणायचं?

जाळण्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. पीव्हीसीच्या मूळ राळेत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. फ्लेक्स शेकोटीत किंवा कचऱ्याच्या ढिगात पेटला की हायड्रोजन क्लोराईडचा वायू निघतो आणि डायऑक्सिनसारखी घातक रसायनंही तयार होतात. गावाकडे फ्लेक्स लगेच फेकला जात नाही, हेही खरं. सोयाबीनच्या गंजीवर, गोठ्याच्या छपरावर, घराच्या गळक्या कोपऱ्यावर त्याला दुसरा जन्म मिळतो. ताडपत्री महाग, हा फुकट. हा पुनर्वापर चांगलाच आहे. पण ऊन खाऊन फ्लेक्स कडक होतो, तडकतो, त्याचे तुकडे वावरात मिसळतात. आणि शेवट पुन्हा ढिगात किंवा आगीतच होतो.

छापणाऱ्याच्या हातात काय आहे?

प्रिंटिंगच्या धंद्यात कचरा नवा नाही. ऑफसेट प्रेसमध्ये कागदाचं कटिंग रोज निघतं, ते रद्दीत जातं. वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेट भंगारात विकल्या जातात. तिथे कुणाला पर्यावरणावर भाषण द्यावं लागत नाही, कारण त्या मालाला भाव आहे. फ्लेक्सला तो नाही. पॉलिस्टर आणि पीव्हीसी एकमेकांना चिकटलेले, वर शाई. ते वेगळं करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. प्लास्टिक पॅकेजिंग परत गोळा करण्याची जबाबदारी नियमाने उत्पादकांवर टाकली आहे, पण फ्लेक्स हे पॅकेजिंग नाही. त्यामुळे रोल बनवणाऱ्यालाही तो परत घेण्याचं बंधन नाही.

दुकानदारांच्या जाहिरातीत हल्ली 'इको सॉल्व्हंट' शाई दिसते. साध्या सॉल्व्हंट शाईतलं द्रावक वाळताना हवेत उडतं, फ्लेक्सच्या दुकानात नाकात जातो तो हाच वास. इको सॉल्व्हंट किंवा पाण्यावर आधारित लेटेक्स शाईने बंद खोलीत दिवसभर मशीनवर बसणाऱ्या पोराला दिलासा मिळतो, आणि तेवढ्यासाठी ती घ्यायलाच हवी. पण ती छापली त्याच पीव्हीसीवर, तर बॅनर पर्यावरणपूरक झाला असं म्हणणं ही थाप आहे.

त्यापेक्षा साध्या गोष्टींनी जास्त फरक पडतो. फ्लेक्सचे रोल ठरावीक पन्ह्यात येतात. तुम्ही सात बाय दहा मागितला आणि तो आठ फुटी रोलवर छापला, तर एक फुटाची पट्टी कापून कचऱ्यात जाते, म्हणजे मालाचा आठवा भाग. हे डिझाईन करणाऱ्याने आधीच सांगायला हवं. दहा बाय वीसचा एक फ्लेक्स साडेचार किलोच्या पुढे जातो; तोच आठ बाय दहा केला तर दोन किलोच्या आत बसतो. दरवर्षी होणाऱ्या कार्यक्रमाच्या बॅनरवर साल न टाकता ते वेगळ्या पट्टीवर टाकलं, तर शाळेचा किंवा मंडळाचा बॅनर पुढच्या वर्षी पुन्हा निघतो.

आणि खरा पर्याय? तो तर या भागाला सांगायचीही गरज नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. फ्लेक्स येण्याआधी पेंटर सुती कापडावरच ब्रशने बॅनर रंगवत होते. कापसाच्या गावात शुभेच्छा प्लास्टिकवर छापाव्यात, हे विचित्रच आहे. छपाईयोग्य लेप दिलेलं सुती कापड आता मशीनवरही चालतं. फक्त चौकशी नीट करा. 'कापडी' म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड पॉलिस्टर असतं, म्हणजे पुन्हा प्लास्टिकच.

अडचण भावाची आहे. सुती कापड फ्लेक्सपेक्षा महाग पडतं आणि रस्त्यापलीकडचा दुकानदार स्वस्तात द्यायला तयारच असतो. म्हणून एकट्या दुकानदाराच्या चांगुलपणावर हे चालणार नाही, सगळ्यांना एकच नियम लागतो. केरळने २०१९ मध्ये ते केलं. तिथे पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी आली आणि छपाईवाल्यांना सुती कापड, कागद किंवा पुनर्वापरयोग्य पॉलिथिलीनकडे वळावं लागलं. पूर्ण अंमल झाला असं कुणी म्हणणार नाही, पण जाडीच्या मायक्रॉनवर वाद घालण्याऐवजी त्यांनी मालाचं नाव घेऊन बंदी घातली, हा फरक मोठा आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक जागी फलक लावायला स्थानिक संस्थेची लेखी परवानगी लागते. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा कायदा १९९५ पासून आहे. बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि पालिकांना अनेकदा फटकारलंही आहे. पण चर्चा होते ती बहुतेक परवानगी होती की नव्हती, एवढीच. फलक कशावर छापला होता, हे परवानगीच्या अर्जात विचारलं जायला हवं. निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव टाकणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार सक्तीचं आहे, न टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मात्र कोपऱ्यात शुभेच्छुकांचे पंचवीस फोटो असतात. छापला कुणी, कशावर आणि उतरवणार कोण, यासाठी तिथे एक ओळही मोकळी नसते.