नाव मोठे, पण फोटो किती स्पष्ट?

रोलचा कॅमेरा परत आला आहे. ज्यांचा जन्मच मोबाइलच्या काळात झाला, त्या मुलामुलींना आज छत्तीस फोटोंच्या रोलचे वेड लागले आहे. ईदचे, निकाहचे, सहलीचे फोटो रोलवरच हवेत, त्याचा रंग वेगळा, असे त्यांचे म्हणणे. हौसेला मोल नसते हे आम्हालाही मान्य आहे. पण घरातले पैसे कुठे चालले हे विचारणे आईबापांचे कामच आहे. मुले ऐकून येतात, कॉन्टॅक्स टी-२ चे भिंग सर्वांत शार्प, याशिका टी-४ वर खुद्द कार्ल झाइसचे नाव, ऑलिंपस म्यू-२ खिशात मावतो आणि फोटो काचेसारखे काढतो. मग वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या, हमी नसलेल्या कॅमेऱ्यासाठी मोबाइलच्या भावाएवढी, कधी त्याहून जास्त रक्कम मागितली जाते. ती द्यावी का? भिंगाभिंगात खरोखर एवढा फरक असतो का? या महिन्यात आम्ही याचाच हिशेब मांडत आहोत.

तीन काचा, चार काचा, सहा काचा

कॅमेऱ्याचे भिंग म्हणजे एकच काच नव्हे. एकाच काचेने फोटो काढला तर तो मधोमध बरा येतो, कडेला विस्कटतो आणि रंगांच्या कडा सुटतात. म्हणून एकीचा दोष दुसरीने भरून काढावा अशा बेताने वेगवेगळ्या काचा एकामागे एक बसवतात. १८९३ मध्ये इंग्लंडच्या हॅरॉल्ड डेनिस टेलर यांनी अवघ्या तीन काचांत हे जमवले. त्या रचनेला ट्रिप्लेट म्हणतात. १९०२ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीच्या पॉल रूडोल्फ यांनी चार काचांचे टेसार बनवले. खिशातल्या कॅमेऱ्यांची भिंगे पुष्कळदा याच दोन घराण्यांतली, किंवा त्यांना एकदोन काचा जोडून केलेली असतात.

आता नावाजलेले कॅमेरे पाहू. रोलाय ३५ हा १९६६ चा, हाइन्झ वास्के यांनी आखलेला. त्याला ४० मिलिमीटरचे, एफ ३.५ चे टेसार, म्हणजे चार काचा. १९७९ चा ऑलिंपस एक्सए योशिहिसा माइतानी यांचा. त्यात ३५ मिलिमीटर, एफ २.८, सहा काचा. १९९० च्या कॉन्टॅक्स टी-२ मध्ये ३८ मिलिमीटरचे, एफ २.८ चे, पाच काचांचे सोन्नार. याशिका टी-४ मध्ये ३५ मिलिमीटरचे, एफ ३.५ चे, चार काचांचे टेसार. १९९१ च्या पहिल्या ऑलिंपस म्यूमध्ये एफ ३.५ आणि तीनच काचा. १९९७ च्या म्यू-२ मध्ये एफ २.८ आणि चार काचा.

एफचा आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे उघडते आणि उजेड जास्त आत येतो. एफ २.८ चे भिंग एफ ३.५ च्या सुमारे दीडपट उजेड घेते. संध्याकाळी, घरात याचा उपयोग होतो. पण पूर्ण उघडलेल्या तोंडावरच भिंगाचे दोषही उघडे पडतात. मधला भाग शार्प राहतो, कोपरे मात्र मऊ पडतात. एक्सएचे भिंग पूर्ण उघडले की चारही कोपरे काळवंडतात. तोंड बारीक करून एफ ८ वर आणले की हे दोष बरेचसे झाकले जातात, आणि तीन काचांचे साधे भिंग पाच काचांच्या किमती भिंगाच्या पुष्कळ जवळ येते. भर उन्हात हे कॅमेरे साधारण अशाच बारीक तोंडावर चालतात. म्हणजे नावांमधला फरक सर्वांत जास्त दिसतो तो कमी उजेडात, फोटोच्या कोपऱ्यांत. आणि घरगुती फोटोत कोपऱ्यात काय असते? भिंत, पडदा, नाहीतर कुणाची तरी चप्पल.

कॉपीवर किती उतरते?

शार्पनेस मोजायची एक पद्धत आहे. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघांच्या जोड्या एका मिलिमीटरमध्ये किती वेगळ्या दिसतात ते पाहायचे. कॉपी हातभर अंतरावर, साधारण २५ सेंटिमीटरवर धरली, तर चांगल्या डोळ्याला मिलिमीटरमध्ये पाचेक जोड्या वेगळ्या कळतात. त्याहून बारीक काही असले तरी डोळा ते पाहत नाही.

रोलवरचे चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचे असते. त्याची ६ बाय ४ इंचांची कॉपी काढली की ते सव्वाचार पट मोठे होते. म्हणजे कॉपीवर पाच जोड्या दिसायला निगेटिव्हवर सुमारे २१ जोड्या पुरतात. मध्यभागी एवढे काम तीन काचांचे बरे भिंगही सहज करते. ए-४ आकाराची कॉपी काढायची तर चित्र आठपटीहून जास्त मोठे होते आणि सुमारे ४१ जोड्या लागतात. चांगले आणि साधारण भिंग यांच्यातले अंतर इथे कुठे दिसू लागते.

हाच हिशेब स्कॅनलाही लावा. लॅबवाला १५०० बाय १००० बिंदूंचा छोटा स्कॅन देत असेल, तर त्यात मिलिमीटरला २१ जोड्यांपलीकडे काही मावतच नाही. त्या स्कॅनवर टी-२ आणि म्यू यांची तुलना करणे म्हणजे बासमती आणि कोलम दोन्हींचे पीठ करून चव ओळखायला बसणे. ३००० बाय २००० चा स्कॅन घेतला तर ४१ जोड्यांपर्यंत पोहोचता येते. महागडे भिंग घेऊन स्वस्तातला छोटा स्कॅन घेणाऱ्याने भिंगाचे पैसे वाया घातले असे समजावे.

फोटो बिघडतो कुठे?

घरातले जुने अल्बम उघडा आणि जे फोटो अस्पष्ट आहेत ते नीट पाहा. त्यांत भिंगाचा दोष फार थोड्या ठिकाणी सापडेल. बाकीची कारणे वेगळीच असतात.

पहिले कारण फोकस. म्यू, टी-४, टी-२ हे कॅमेरे अवरक्त किरण सोडून समोरच्या वस्तूचे अंतर मोजतात, आणि ते मोजतात चौकटीच्या मधोमध. नवरा-नवरी शेजारी बसलेली, दोघांच्या मध्ये वीतभर फट. कॅमेरा त्या फटीतून मागची भिंत पाहतो. भिंतीवरची झालर शार्प येते, नवरा-नवरी धूसर. उपाय सोपा आहे. आधी एकाच्या चेहऱ्यावर रोखून बटण अर्धे दाबायचे, तसेच धरून चौकट जुळवायची, मग पूर्ण दाबायचे. गाडीच्या काचेतून फोटो काढताना हेच किरण काचेला फसू शकतात. शिवाय किती जवळ जाता येते तेही पाहावे. म्यू-२ आणि टी-४ यांना ३५ सेंटिमीटरपर्यंत जाता येते, टी-२ ला ७० आणि एक्सएला ८५ सेंटिमीटर लागतात. पाळण्यातल्या बाळाचा चेहरा जवळून घ्यायचा असेल तर इथे महागडा टी-२ मागे पडतो.

रोलाय ३५ मध्ये अंतर डोळ्याने अंदाजून चकतीवर लावावे लागते. ते अवघड वाटते, पण एफ ८ वर ३ मीटर लावून ठेवले तर साधारण २ मीटरपासून ५ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. अंगणातल्या घोळक्याला एवढे पुष्कळ झाले.

दुसरे कारण हात. ३५ मिलिमीटरच्या भिंगाला शटर १/३५ सेकंदापेक्षा हळू झाले की हाताचा कंप फोटोत उतरतो. ट्यूबलाइटच्या खोलीत ४०० चा रोल आणि एफ २.८ चे भिंग असले तरी शटर १/१५ ते १/३० च्या आसपास येते. तेव्हा कोपर छातीशी घट्ट, पाठ भिंतीला आणि श्वास रोखून बटण दाबावे. नाहीतर फ्लॅश वापरावा. ही सवय फुकट आहे आणि दीड हजाराच्या कॅमेऱ्यालाही लागू पडते.

तिसरे कारण आपली हवा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने कपाटात गेलेल्या भिंगाला बुरशी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आतल्या काचेवर पसरतात, फोटो दुधाळ होतो आणि काळा रंग करडा दिसतो. चामड्याचे कव्हर ओलावा धरून ठेवते, म्हणून कॅमेरा त्यात ठेवू नये. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा, सेल काढून ठेवावेत. बुरशी लागलेले झाइस बुरशी न लागलेल्या तीन काचांपुढे हरते.

एका रोलची परीक्षा

विकत घेण्याआधी, किंवा घरातला जुना कॅमेरा वापरण्याआधी, एवढे करून पाहा. मागचे झाकण उघडता येत असेल तर मोबाइलच्या टॉर्चने भिंगातून आरपार पाहा. बुरशी, धुके लगेच दिसते. झाकणाच्या खाचेतला काळा फोम चिकट झाला आहे का तेही बघा, कारण तिथून उजेड शिरून रोल खराब होतो.

मग एक रोल घाला. सकाळच्या उजेडात भिंतीवर वर्तमानपत्राची पाच पाने चिकटवा, एक मध्ये आणि चार कोपऱ्यांत. कॅमेरा २ मीटरवर, स्टुलावर भिंतीला समोरासमोर ठेवा. एवढ्या अंतरावरून ३५ मिलिमीटरच्या भिंगात सुमारे २ मीटर रुंद भिंत मावते. मथळे, उपमथळे वाचता येतात का ते पाहायचे. बातमीचा बारीक मजकूर वाचता यावा अशी अपेक्षा ठेवू नका. मग दोन-चार फोटो हातात धरून, दोन-चार घरात, दोन-चार लांबच्या झाडाचे. दोन कॅमेरे तोलायचे असतील तर रोल एकाच जातीचे, दिवस एकच, लॅब एकच आणि स्कॅन मोठा.

निकाल वाचायची रीत अशी. माणूस धूसर पण मागची भिंत स्पष्ट, तर फोकस चुकला. सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे, तर हात हलला. सगळीकडे दुधाळ झाक, तर बुरशी किंवा धुके. प्रत्येक फोटोची एकच बाजू मऊ, तर भिंग जागचे हलले आहे. असा कॅमेरा घेऊ नये, त्याचे नाव काहीही असो.

मग घ्यावा कोणता?

शिकण्याची हौस असेल त्याला एक्सए किंवा रोलाय ३५ बरा, कारण अंतर आणि तोंड स्वतः लावावे लागते. घरातल्या कुणीही उचलून फोटो काढावा असे वाटत असेल तर म्यूसारखा साधा ऑटोफोकस पुरे. टी-२ चे भिंग उत्तम आहे आणि त्याचे तोंड आपल्या हाताने लावता येते, यात शंका नाही. पण तो बनवणाऱ्या क्योसेरा कंपनीने कॉन्टॅक्सचा व्यवसाय बंद करण्याचे २००५ मध्येच जाहीर केले. आतले सर्किट गेले तर नवा भाग कारखान्यातून येणार नाही. नवाकोरा कॅमेरा हवा असेल तर २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ आला आहे. एका चौकटीत दोन फोटो घेणाऱ्या या कॅमेऱ्याला किती काचांचे भिंग बसवले आहे? तीन. टेलर यांची रचना एकशे तीस वर्षांनंतरही कामाला येते आहे.

आणि आता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडचे फोटो कोडॅक केबी-१०, हॉट शॉट, याशिका एमएफ-२ अशा कॅमेऱ्यांनी काढलेले. एखाद्या घरी आखातातून भाईजानने आणलेला चांगला जपानी कॅमेरा असायचा. स्टुडिओने दिलेल्या छोट्या कॉपीत निगेटिव्हवरचा निम्मा तपशीलही कधी उतरला नसेल. चांगल्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हमध्ये तो अजून आहे. दादीजानच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, अब्बांच्या हातातल्या पत्रावरचा पत्ता, दारावरची पाटी. मोठा स्कॅन केला तर यातले पुष्कळ वर येईल. साधा कॅमेरा असेल तर थोडे कमी येईल, तरी पिवळ्या पडलेल्या कॉपीपेक्षा जास्तच येईल. त्याला लागणारा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळ. घर हलवताना, रंग काढताना अल्बम जपले जातात आणि निगेटिव्हची पाकिटे रद्दीत जातात. मूळ चित्र गेले की मग कितीही काचांचे भिंग आणा, जे माणूस निघून गेले त्याचा चेहरा पुन्हा काढता येत नाही.

तेव्हा मुलांनी कॅमेऱ्याचा हट्ट धरला तर नाही म्हणू नका. या रविवारी त्यांना सोबत घेऊन माळ्यावरची ती पाकिटे खाली काढा, निगेटिव्ह उजेडाकडे धरा आणि कोण कोण ओळखू येते ते विचारा. कोणता कॅमेरा घ्यायचा, ते त्यानंतर बसून ठरवता येईल.