आधी पार्ट, मग विचार

ऑफिसात एखादा नवा पोरगा आला आणि साइट स्लो झाल्याबरोबर, लॉग न बघता, "सर्व्हरच नवीन घेऊ या" म्हणाला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? जे म्हणाल ते इथे लिहिता येणार नाही. पण आपणच शनिवारी गाडी घेऊन गॅरेजला जातो, "क्लच प्लेट गेल्यात" हे तीन शब्द ऐकतो आणि मुकाट्याने मोबाईल काढून पैसे देऊन मोकळे होतो. वर चार मित्रांना सांगतो, "काम करून घेतलं बुवा एकदाचं!"

हे मी स्वतःवरून सांगतोय. गेले दोन महिने माझ्या गाडीचा क्लच पूर्ण सुटत नव्हता. लिव्हर पार मुठीला टेकला तरी पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे ओढायची. सिग्नलला न्यूट्रल लागता लागायचा नाही. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. एवढंच सांगतो की क्लच हायड्रॉलिक आहे. आपल्याकडच्या बहुतेक बाइकना केबल असते. ती ढिली पडली की नट फिरवून ताण देता येतो. इथे केबलच नाही. लिव्हर दाबला की वरचा मास्टर सिलिंडर फ्लुइड ढकलतो, ते फ्लुइड खाली स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन ढकलतं आणि तो पिस्टन प्लेटवरचा दाब सोडवतो. त्यामुळे फिरवायला नट नाही, डोकंच चालवायला लागतं.

पुण्यातल्या वर्कशॉपने ते चालवलं नाही. मीही नाही. प्लेट बदलल्या, नऊ हजार चारशे रुपये झाले, आणि वीस किलोमीटरवर गाडी परत ओढायला लागली. फोन केला तर उत्तर तयार होतं, "मग मास्टर सिलिंडर मागवायला लागेल सर."

शनिवारी तशीच गाडी घेऊन घरी निघालो. घर म्हणजे नगर. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण जिभेला अजून नगरच येतं. माळीवाड्याला गर्दीत थांबलो होतो. लिव्हर दाबलेला, गिअर पहिला, पुढचा ब्रेक धरून गाडी आवरलेली. घाम पुसायला ब्रेकवरची बोटं सुटली, आणि गाडी सरकली. समोरून पिशवी घेऊन एक आजी रस्ता ओलांडत होत्या. चाक त्यांच्या पिशवीला लागून थांबलं. कांदे रस्त्यावर. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. त्या दिवसापर्यंत हा प्रकार माझ्यासाठी "गाडीचा त्रास" होता. त्यानंतर नाही.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, कायनेटिकमधून रिटायर झालेले. १९७२ साली बाजारात आलेली लूना नगरच्याच कारखान्यात बनायची. गंमत म्हणजे तिला क्लचचा लिव्हरच नव्हता! म्हणून मी जरा साशंकच होतो. काकांनी गाडीला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला.

"त्रास सुरू व्हायच्या आधी शेवटचं काय काम केलं होतंस रे?"

मंडळी, मला दरदरून घाम फुटला. हाच प्रश्न मी ऑफिसात ज्युनिअर पोरांना दिवसातून चारदा विचारतो. शेवटचं काम मीच केलं होतं. व्हिडिओ बघून हौसेने क्लचचं फ्लुइड बदललं होतं. वर्कशॉपमध्ये हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढचा अर्धा तास मी शाळेत होतो. "प्लेट झिजल्या तर क्लच घसरतो," काका म्हणाले. "इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. तुझी गाडी तर सोडायलाच तयार नाही, म्हणजे उलटा रोग. प्लेट वाकल्या असतील तर असं होऊ शकतं. पण वाकलेली प्लेट सपाट काचेवर ठेवून दाखवता येते. दाखवली का तुला कुणी?" नव्हती दाखवली.

मग इंजिन बंद ठेवून मागचं चाक उचललं, पहिला गिअर टाकला आणि मला लिव्हर दाबून धरायला लावला. चाक हाताने फिरेना. आता लिव्हर भराभर सहा-सात वेळा मारून दाबून धरायचा. चाक फिरलं! झालं निदान. फ्लुइड दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात बुडबुडा असेल तर लिव्हरची अर्धी हालचाल तोच खाऊन टाकतो. मारून मारून तात्पुरता दाब मिळतो, एवढंच. चाक आधी फिरून, लिव्हर धरलेला असताना हळूहळू परत अडकलं असतं, तर मास्टर सिलिंडरच्या सीलवर संशय. काहीच फरक पडला नसता, तर स्लेव्हचा पिस्टन किती सरकतो ते मोजायचं. तो पुरेसा सरकत असेल, तरच क्लच उघडायचा. म्हणजे पुण्यात जे सगळ्यात आधी झालं, ते सगळ्यात शेवटचं काम होतं.

मी एअर काढली होती ती खालच्या निपलमधून. बुडबुडा बसला होता सगळ्यात वर, मास्टर सिलिंडरला पाइप जोडतात तिथे. काकांनी भोवती फडकं गुंडाळलं (हे फ्लुइड रंग खातं), लिव्हर दाबून धरायला लावला, वरचा बोल्ट किंचित सैल केला, फुस्स झालं की लिव्हर सुटायच्या आत आवळला. असं तीनदा. टाकीत भर घातली, तीही झाकणावर कुठलं फ्लुइड लिहिलंय ते वाचून. मग सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर मुठीला बांधून गाडी रात्रभर ठेवली. सकाळी न्यूट्रल एका बोटाने, आय मीन एका अंगठ्याने, लागला.

आता तुम्ही म्हणाल, कंपन्याच माहिती दाबून ठेवतात, गॅरेजवाला काय करणार? खरं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने न दिल्याबद्दलच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. चांगलंच झालं. पण "शेवटचं काय काम केलं होतं?" हे विचारायला कुठलं मॅन्युअल लागतं? कुठला स्कॅनर?

खरं कारण आपल्या खिशात आहे. नव्या पार्टचे नऊ हजार आपण हूं की चूं न करता देतो. पण कुणी तासभर गाडी तपासून, काही न बदलता, "पाचशे द्या" म्हणालं, तर आपल्याला तो चोर वाटतो. मग तो तपासेल कशाला? तो पार्टच विकणार. आणि हे कोण करतंय? ज्यांचा पगारच मुळी विचार करण्याबद्दल येतो, ते आपण! आपण क्लायंटला डीबगिंगचे तास लावून बिल पाठवतो, आणि गॅरेजवाल्याने तेच केलं की हुज्जत घालतो.

माझी मागणी साधी आहे. गॅरेजला गेलात की आधी म्हणा, "तपासा, कारण दाखवा, त्याचे वेगळे पैसे देतो. पार्टचं नंतर बघू." दहातले दोन जण तरी खूश होऊन तपासतील. तेच आपले मेकॅनिक.

रविवारी निघताना काकांना हजार रुपये द्यायला गेलो. ते चक्क रागावले.

"काही बदललंच नाही, मग पैसे कसले?"

बघा, आपण त्यांनाही हेच शिकवलंय. पैसे मी काकूंच्या हातात ठेवून आलो.